मुलींची क्रॉस कंट्री टीम घेऊन माणातून गडहिंग्लजला जायचंय, प्रवासाचं कसं करू?

माणदेशी_वाट | २१ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, आणि घाईत लिहितेय तर समजून घ्या.

मी माण तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवते. शिवाजी विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री (ट्रॅक सोडून माळ-चिखल-चढावरून धावायची शर्यत) ५ ऑक्टोबरला सकाळी ७ वाजता गडहिंग्लज भागात आहे आणि यंदा आमच्या मुलींची पूर्ण टीम जातेय. पूर्ण म्हणजे सहाजणी. गेल्या वर्षी तिघीच गेल्या होत्या, त्यातली एक चांगली धावली पण टीम म्हणून आमचं नाव निकालात कुठेच नव्हतं, कारण सहापैकी पहिल्या चौघींचे नंबर मिळवून टीमचे गुण होतात (बेरीज जितकी कमी तितकी टीम वर), चार नसतील तर टीमच धरत नाहीत. म्हणून यंदा जूनपासून घरोघरी जाऊन बसले, कुणाच्या आईला समजावलं, कुणाच्या आजीला, आणि सहा मुली झाल्या. सातवीपण आहे, तिचं पुढे सांगते.

अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दहिवडी, मायणी, विटा, तासगाव, सांगली, कोल्हापूर आणि मग पुढे गडहिंग्लज. सहापैकी चार मुली आयुष्यात सांगलीच्या पुढे गेलेल्या नाहीत.

मला भीती शर्यतीची नाही, प्रवासाची आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच स्पर्धेला गेले होते. रात्रीची एसटी, पाच तास उभं राहून, पहाटे ५ ला उतरलो, स्टँडवरच तोंड धुतलं, उपाशीपोटी चहा-बिस्कीट आणि साडेसातला शर्यत. तिसऱ्या किलोमीटरला माझ्या पोटात असा गोळा आला की मी बसले ती उठलेच नाही. मी चौथी होते. मी पूर्ण केलं नाही म्हणून बाकी तिघींचं धावणं टीमच्या हिशोबात धरलंच नाही. त्या तिघी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत पण मला ते अजून बोचतं. या मुलींच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाहीये.

तर प्रश्न असे की एसटीने जावं की गाडी करावी, एसटीत मार्च २०२३ पासून मुलींना अर्धं तिकीट आहे त्यामुळे खर्च खूप वाचतो आणि कॉलेजचा प्रवासभत्ता तुटपुंजा आहे. एक दिवस आधी जावं की दोन? खायला काय न्यावं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, माझी एक मुलगी आहे, टीममधली चौथी किंवा पाचवी, तिला गाडी लागते. म्हणजे अशी लागते की दहिवडीहून म्हसवडला गेली तरी दोनदा थांबावं लागतं. सातवी मुलगी तिच्यापेक्षा ४०-४५ सेकंदांनी मागे आहे पण तिला प्रवासाचा काही त्रास नाही. कुणाला नेऊ?

---

जुना_जिमखाना | २१ सप्टेंबर, रात्री ११:०५

मॅडम, मी तीस वर्षं क्रीडा संचालक होतो, आता निवृत्त आहे. आधी कागद बघा. आपल्याकडे टीम धावून हरत नाही तेवढी टेबलापाशी हरते. एलिजिबिलिटी फॉर्मवर प्राचार्यांची सही आणि शिक्का, प्रत्येकीचं कॉलेजचं ओळखपत्र, बारावीचं गुणपत्रक, वयाचा दाखला (१७ ते २५ ची अट आहे). मूळ प्रती एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत आणि दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या माणसांकडे. एकदा माझ्या एका मुलाचा फॉर्म फोटोवर शिक्का नाही म्हणून परत आला होता, तो मुलगा कडेला उभा राहून बाकीच्यांना पाणी देत होता, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

दुसरं, सातही मुलींची नावं फॉर्ममध्ये घालता येतात का ते आयोजकांना आजच विचारा. येत असतील तर कुणाला धाववायचं ते तिथे जाऊन ठरवा.

गाडी लागणाऱ्या मुलीबद्दल माझं स्पष्ट मत, तिला ठेवा. शर्यतीच्या आदल्या दिवशी उलट्या झालेली मुलगी १० किलोमीटर कशी धावेल? बाकीच्या पाचजणींवर तो अन्याय आहे.

---

दवाखाना_ते_मैदान | २२ सप्टेंबर, सकाळी ७:२०

काका, तुमचा अनुभव मोठा आहे पण इथे मी असहमत. मी डॉक्टर आहे आणि स्वतः हाफ मॅरेथॉन पळते. गाडी लागणं हा आजार नाही आणि अशक्तपणाही नाही. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात आपण गाडीच्या आत स्थिर बसलोय, या दोघांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. म्हणून ड्रायव्हरशेजारी पुढे बसवा, नजर लांब रस्त्यावर, मोबाईल अजिबात नाही, काच थोडी उघडी. निघायच्या दोन तास आधी हलकं खाऊ द्या, रिकामं पोट ठेवू नका, रिकाम्या पोटी जास्त होतं. आडव्या सीटच्या गाडीत मागे बसवलंत तर मात्र शंभर टक्के होणार.

गोळी द्यायची असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारूनच. या गोळ्यांनी गुंगी येते, आदल्या दिवशी प्रवासात ठीक, पण शर्यतीच्या सकाळी नको. आणि कुठलंही औषध देताना नाडाचं (खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्या घेणारी राष्ट्रीय संस्था) 'नो युवर मेडिसिन' अ‍ॅप आहे त्यात बघून घ्या, सर्दीच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्यांत काय असेल सांगता येत नाही.

आता जरा मोकळेपणानं लिहिते. सहाजणी आहेत म्हणजे एखादीची पाळी त्या दोन दिवसांत असणारच. आधीच विचारा, लाजू नका, मुली आपणहून सांगत नाहीत आणि मग सकाळी ६ ला कोपऱ्यात रडत बसतात. पॅड्स, जादाची काळी शॉर्ट्स, गरम पाण्याची पिशवी बरोबर ठेवा. वेळ असेल तर सगळ्यांचं हिमोग्लोबिन बघून घ्या, आता गोळ्या देऊन आठवड्यात काही बदलणार नाही पण या मुली वर्षभर धावणार आहेत ना.

---

पन्हाळ्याचा_वारा | २२ सप्टेंबर, सकाळी ९:४८

माणची टीम येतेय म्हटल्यावर लईच भारी वाटलं! ललिता बाबर तुमच्या मोहीचीच की. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला १० वी आली तेव्हा आम्ही कोल्हापुरात हॉस्टेलवर सगळे एका टीव्हीसमोर उभं राहून बघत होतो. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या ऑलिंपिक फायनलला आपली कुणी होती.

आता कामाचं सांगतो, मी त्या भागात चारदा पळलोय. तुमच्याकडचा माळ आणि इकडची जमीन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या मुली टणक मुरमावर पळतात, पाय आपटला की उसळून वर येतो. गडहिंग्लजकडं परतीचा पाऊस झाला की तांबडी माती अशी चिकटते की बुटाला अर्धा किलो लागते, पाय उचलायलाच ताकद जाते. तिथं लांब ढांगा टाकून चालत नाही, छोटी पावलं आणि हात जोरात. चढ दिसला की पहिल्याच फेरीत जीव तोडायचा नाही, कोर्स बहुतेक २ किलोमीटरच्या लूपचा असतो, तोच चढ पाच वेळा यायचाय.

बुटाच्या लेसला डबल गाठ मारा आणि वरून इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी बुटाभोवती गुंडाळा. चिखल बूट ओढून घेतो, खरंच घेतो. चिकटपट्टी दहा-वीस रुपयाला मिळते, विसरू नका.

रस्ता विटा-तासगाव-सांगली-हातकणंगले बरोबर आहे, पण शिरोलीत संध्याकाळी ५ नंतर येऊ नका, तासभर अडकाल. दुपारी ३ च्या आत कोल्हापूर मागं टाका.

---

चाक_आणि_चूल | २२ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी सोळा वर्षं क्रूझर चालवतोय, लग्नाची वऱ्हाडं, पंढरीच्या दिंड्या, शाळेच्या सहली सगळं नेलंय. ताई एसटी स्वस्त हाय हे खरं पण तुम्हाला तीन ठिकाणी गाडी बदलावी लागंल आणि पोरींच्या बॅगा, पाणी, बूट घेऊन सांगली स्टँडवर पळापळ व्हईल. गाडीच करा.

पण पिवळ्या पाटीची. कुणी ओळखीचा म्हणतो माझी पांढऱ्या पाटीची गाडी हाय डिझेल टाका न्या, तर नको, काय झालं तर विमा मिळत नाही आणि जबाबदारी तुमच्यावर येती. दुसरं असं की कोल्हापूरवरनं गडहिंग्लजला सरळ हायवे धरला तर निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर असं कर्नाटकातनं जाऊन परत महाराष्ट्रात यावं लागतं. गाडीला त्या राज्याचं परमिट नसलं तर अडवत्यात. आधीच ड्रायव्हरला विचारा. नसलं तर कागलवरनं आत वळून कापशी, उत्तूर करत जा, वेळ जास्त लागतो पण आपल्याच राज्यातनं हाय. ज्या पोरीला गाडी लागती तिच्यासाठी मात्र तो रस्ता वळणावळणाचा पडतो, तेवढं बघा.

दर दीड तासानं थांबवा. पोरींना उतरवून पाच मिनिटं चालवा. मी दिंडीवाल्यांचे पाय बघितलेत, बसून बसून सुजत्यात.

---

नाशिकची_पहाट | २२ सप्टेंबर, दुपारी ४:१५

कुणाला न्यायचं या वादात माझं मत, मुलीलाच विचारा. इथं आपण सगळे ठरवतोय आणि तिला माहीतही नाही.

मी नाशिकला धावायचे, आदिवासी पाड्यांवरच्या मुलींबरोबर. आमच्यासमोर कविता राऊत होती, सावरपाड्याची, २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थला १० हजारमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूला एशियाडमध्ये सिल्व्हर. आमच्यातल्या कितीतरी मुलींची पहिली रेल्वे, पहिली लिफ्ट, पहिलं हॉस्टेल हे सगळं शर्यतीच्या निमित्तानंच झालं. घरचे एरवी कुठे पाठवत नव्हते, शर्यत आहे म्हटल्यावर सोडायचे. तो प्रवास आम्हाला शर्यतीइतकाच हवा असायचा. एखादीला गाडी लागते म्हणून मागं ठेवलं तर ती पुन्हा कधी नाव देईल का याचा विचार करा.

अजून एक, मुलींना आता मुलांएवढंच १० किलोमीटर असतं. जागतिक क्रॉस कंट्रीत हे २०१७ पासून समान झालं. तुमच्या मुलींनी १० पूर्ण किती वेळा केलंय? केलं नसेल तर आता करू नका, उशीर झाला, शेवटच्या आठवड्यात फक्त हलकं.

---

ओहायोहून | २३ सप्टेंबर, पहाटे ५:०२

मी मूळचा सांगलीचा, सध्या इकडे शिकतोय आणि युनिव्हर्सिटीच्या रनिंग क्लबमध्ये आहे. इकडे सात धावतात आणि पाच जणांचे गुण धरतात, सहावा-सातवा गुणात नसतो पण दुसऱ्या टीमच्या पाचव्याच्या पुढे आला तर त्यांचे गुण वाढवतो, म्हणून सहाव्यालाही जीव काढून पळावं लागतं. आम्ही व्हॅन भाड्याने घेतो, चालवायला विद्यार्थीच आळीपाळीने, आठ-आठ तास. पैसे आम्हालाही पुरत नाहीत, चौघे एका खोलीत झोपतो.

माझा अनुभव एवढाच की आदल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही, उत्साहात. त्याच्या आदल्या रात्रीची झोप महत्त्वाची. म्हणजे तुमच्या हिशोबात ३ तारखेची रात्र. ती रात्र मुलींनी आपापल्या घरी लवकर झोपून काढली पाहिजे, त्या रात्री कुणाच्या घरी जागरण-गोंधळ नको, सामान भरणं तेव्हा नको.

---

माणदेशी_वाट | २३ सप्टेंबर, रात्री ९:३०

किती लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. नाशिकची_पहाट, तुमचं वाचून आज सकाळी मैदानावर तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, उलटी झाली तर होऊ दे, मी पिशवी घेऊन बसते, पण मला मागं ठेवू नका." झालं, ती येतेय. सातवीचं नावही फॉर्ममध्ये घालता आलं, तीपण येतेय, म्हणजे सात मुली, मी, आणि एकीची मावशी येते म्हणाल्या. पिवळ्या पाटीची क्रूझर ठरली, परमिट नाहीये म्हणून कापशी-उत्तूरवरून. खर्चात जे कमी पडतंय ते गावातल्या दूध डेअरीवाल्या काकांनी न मागता दिलं.

४ तारखेला सकाळी ७ ला निघतोय.

---

जुना_जिमखाना | २३ सप्टेंबर, रात्री १०:१०

मुलीनं स्वतः असं सांगितलं असेल तर मी माझं म्हणणं मागे घेतो. न्या तिला. पोहोचल्यावर संध्याकाळी कोर्स चालून बघा, पूर्ण, पाट्या लागल्या नसतील तरी. सुरुवातीचं पटांगण रुंद असतं आणि पुढे पाऊलवाट अरुंद होते, ती जागा किती मीटरवर आहे ते मुलींना पावलं मोजून दाखवा. शंभर मुली तिथे एकदम घुसतात.

---

माणदेशी_वाट | ७ ऑक्टोबर, रात्री ११:२०

परवा रात्री उशिरा पोहोचलो, काल दिवसभर झोपले आणि आज लिहायला बसले. लांबणार आहे.

४ तारखेला सातला निघायचं होतं, पावणेआठला निघालो कारण एकीच्या आजीनं गाडीसमोर नारळ फोडायचा हट्ट धरला आणि नारळ आणायला माणूस गेला. सात मुलींचे घरचे मिळून तीस-पस्तीस माणसं स्टँडवर. एकीचे वडील, जे जूनमध्ये मला दारातूनच परत पाठवत होते, त्यांनी गुपचूप माझ्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला आणि काही न बोलता बाजूला जाऊन उभे राहिले.

गाडी लागणारी पुढे ड्रायव्हरशेजारी. तिला सकाळी साडेपाचला अर्धी भाकरी आणि दही खाऊन यायला सांगितलं होतं. मायणी गेलं, विटा गेलं, आम्ही सगळ्या तिच्या मानेकडे बघतोय. तासगावला उतरून पाच मिनिटं चाललो, ती हसत होती. सांगलीत कृष्णा दिसली तेव्हा मागच्या चौघी एकदम गप्प झाल्या. दोन्ही काठ भरून पाणी होतं. आमच्याकडे माणगंगेत पाणी असणं ही बातमी असते, टँकरवर वाढलेल्या मुली आहेत या. एक म्हणाली, "मॅडम, हे सगळं रोज असंच वाहतं?" मी ड्रायव्हरदादांना सांगून गाडी थांबवली, वेळापत्रकात ते नव्हतं, पण थांबलो दहा मिनिटं.

शिरोली दोनच्या आत पार केली, पन्हाळ्याचा_वारा तुमच्यामुळे. कागलनंतर आत वळलो आणि कापशीच्या पुढे वळणं सुरू झाली तशी ती पुढची मुलगी पांढरी पडली. दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा उतरली तेव्हा पाऊस भुरभुरत होता, ती रस्त्याच्या कडेला उकिडवी बसलेली आणि सातवी मुलगी, जिची जागा हिच्यामुळे गेली होती, तीच हिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी तिला आधी काही सांगितलं नव्हतं.

साडेचारला पोहोचलो. उतरायची सोय एका हॉलमध्ये, सतरंज्या होत्या, डास पुष्कळ होते, पाणी मात्र भरपूर. तो भाग फुटबॉलवेडा आहे म्हणतात ते खरं, आम्ही कोर्स बघायला निघालो तर चिखलातसुद्धा पोरं बॉल मारत होती. कोर्स पूर्ण चाललो. जुना_जिमखाना सर, पाऊलवाट २८० पावलांवर अरुंद होत होती, सगळ्यांनी मोजली. चढ मोठा नव्हता पण त्याच्या पायथ्याला वीसेक मीटर असा राड होता की चालताना माझीच चप्पल अडकली. तिथेच उभं राहून सगळ्यांना सांगितलं, इथे कडेच्या गवतावरून जायचं, दोन पावलं लांब पडलं तरी चालेल.

रात्री आम्ही घरचंच खाल्लं, भाकरी, मुगाची आमटी, भात. शेजारच्या टीमला रस्सा होता, वास सुटला होता, मुली बघत होत्या, मी नाही म्हटलं. झोप कुणालाच नव्हती, ओहायोहून, तुम्ही म्हणालात तसंच. पण ३ तारखेला सगळ्या नऊला झोपल्या होत्या म्हणून मी निवांत होते.

सकाळी ४:१५ ला उठवलं. केळी, गुळाची पोळी अर्धी, पाणी. सगळ्यांच्या बुटांना काळी पट्टी गुंडाळायला मी एकेकीला समोर बसवत होते. पाचजणींना गुंडाळली. माझी सगळ्यात वेगवान मुलगी म्हणाली, मॅडम मला पायाला आवळल्यासारखं होतं, मी डबल गाठ मारलीय. तेवढ्यात चेस्ट नंबरसाठी पुकारलं आणि मी म्हटलं बरं. मी ते 'बरं' म्हणायला नको होतं.

पहिल्या लूपला ती चौथी होती. दुसऱ्या लूपला त्याच राडात मागून कुणीतरी आत ढकललं गेलं, गवतावर जागाच राहिली नव्हती, आणि तिचा डावा बूट चिखलात राहिला. ती चार पावलं पुढे गेली, परत आली, हातानं चिखल उपसून बूट काढला, पायात घातला, त्यात माती गेलेली. मी दोरीच्या या बाजूला. मदत केली तर ती बाद होणार. माझे हात दोरीवर आणि मी ओरडतेय की गाठ मार, गाठ मार. पंधरा-सोळा जणी पुढे निघून गेल्या. शेवटच्या तीन लूपमध्ये तिनं त्यातल्या बऱ्याच परत पकडल्या आणि ११ वी आली. आमची दुसरी १३ वी, तिसरी १९ वी.

आणि चौथी २८ वी, तीच, गाडी लागणारी. ती पहिल्या लूपला साठाव्या नंबरच्याही मागे होती. दर फेरीला माझ्यासमोरून जाताना ती आधीपेक्षा पुढे असायची, चेहरा तसाच शांत, छोटी पावलं आणि हात जोरात. शेवटच्या चढावर तिनं एकदम चौघींना मागं टाकलं तेव्हा सातवी मुलगी दोरीच्या कडेने तिच्याबरोबर पळत होती आणि रडत होती. मीपण. लपवत नाही.

पाचवी ३५ वी, सहावी ५१ वी. सहाच्या सहा फिनिश.

११, १३, १९, २८. बेरीज ७१. तिसऱ्या टीमचे ६८. आम्ही चौथे. ट्रॉफी तिघांनाच असते.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. बूट गेलेली मुलगी खिडकीला डोकं टेकून होती, म्हणाली तीन गुण मॅडम, माझ्या बुटाचे. मी म्हटलं पट्टी लावायची जबाबदारी माझी होती, तुझी नाही. ते तिला पटलं का माहीत नाही. मग कोल्हापूरच्या अलीकडे पुढच्या सीटवरून आवाज आला, "गाडी थांबवा," आणि सगळ्या एकदम हसायला लागल्या, ती स्वतःपण, आणि त्यानंतर विट्यापर्यंत गाणी चालू होती.

---

दवाखाना_ते_मैदान | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

आदल्या दिवशी दोनदा उलटी आणि २८ वी! संध्याकाळी तिला प्यायला काय दिलंत?

---

माणदेशी_वाट | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:३५

पोहोचल्यापासून दर वीस मिनिटांनी अर्धा पेला ओआरएस, मग सातला मऊ भात आणि आमटी. तुम्ही लिहिलेलं सगळं मी कागदावर उतरवून नेलं होतं.

---

जुना_जिमखाना | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मॅडम, मी दोनदा वाचलं. त्या मुलीला ठेवा म्हणणारा मी होतो. तिला माझा नमस्कार सांगा. सातवी मुलगी धावली असती तर तिच्या ४५ सेकंदांच्या फरकाने तुमची बेरीज कुठे गेली असती याचा हिशोब मी मांडून बघितला आणि मग वही मिटली. बुटाचं मनाला लावून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, लागणारच. पुढच्या वर्षी पट्टी स्वतःच्या हातानं लावाल.

---

चाक_आणि_चूल | ८ ऑक्टोबर, दुपारी २:०५

ताई नदीपाशी गाडी थांबवली हे लई ब्येस केलं.

---

नाशिकची_पहाट | ८ ऑक्टोबर, रात्री ८:४०

आमच्या ग्रुपमध्ये चार जोड्या स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) पडून आहेत, वापरलेले पण चांगले, चिखलासाठी लांब खिळे लावता येतात. मापं कळवा, पार्सल करते. पण दिल्यावर महिनाभर त्यातच सराव करू द्या, शर्यतीच्या दिवशी नवीन बूट घालू नका.

---

माणदेशी_वाट | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मापं मेसेजमध्ये पाठवली, काय बोलू कळत नाही.

आणि बातमी अशी की विद्यापीठाच्या सराव शिबिराची यादी आली. अखिल भारतीय आंतरविद्यापीठसाठी टीम निवडायला बोलावलेल्या मुलींत आमच्या बूटवालीचं नाव आहे. शिबिर कोल्हापुरात. २० तारखेला दुपारपर्यंत हजर व्हायचंय. माझे त्या दिवशी तास आहेत आणि परीक्षेचं कामही, मला रजा मिळत नाहीये. वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायच्या तयारीत आहेत. ती म्हणते मी एकटी जाते एसटीनं, सांगलीला बदलून. रस्ता तिला पाठ झालाय, पण कोल्हापूरचं स्टँड मोठं आहे आणि तिथून विद्यापीठापर्यंत कसं जायचं हे तिला माहीत नाही. कुणी आहे का त्या दिवशी तिकडे?

---

पन्हाळ्याचा_वारा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:२२

मी २० ला पुण्यात आहे नेमका. पण माझी बहीण कोल्हापुरातच असते, पळायचीपण. तिला फोन लावतोय, थांबा.

---

पन्हाळ्याचा_वारा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४१

झालं. ताई ११ पासून मध्यवर्ती स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी थांबते म्हणाली, हातात निळी छत्री असेल. सांगली गाडीत बसली की तिला एक मिस्ड कॉल द्यायला सांगा, नंबर मेसेजमध्ये पाठवतो. जेवण ताईकडंच, मग स्कूटरवरनं विद्यापीठात सोडेल. तिला तिखट चालतं का विचारून ठेवा.